काळ्यावर काळा ठिपका

साल दोन हजार पंचवीस. आनंदा, तू एकाहत्तरचा आणि मी अठ्ठ्याहत्तरचा. सात वर्षांनी धाकटा असून तू पुढं गेलास, आणि मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या त्या एका खोलीच्या दुकानात बसून तुला कागद लिहितोय. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचा कागद आहे. दुकानाच्या पाटीवरचं शुद्धलेखन तू सुधारायला निघाला होतास तेव्हा मी तुझ्या हातातला ब्रश हिसकावून घेतला होता. आता काढ चुका. पाहिजे तेवढ्या काढ. मी काही बोलणार नाही.

तुला जाऊन आज बारावा दिवस. तुझी आक्का घरात आहे. माझ्याशी बोलते, भाकरी वाढते, पण तुझं नाव काढत नाही. मी काढलं की उठून आत जाते. पन्नास वर्षं संसार केला, पण ही बाई भावासाठी अशी बिनआवाजाची रडत असेल हे मला माहीत नव्हतं.

पेपरात दोन ओळी आल्या. उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी, मागं लाल दिवा नाही, दिवेलागणीची वेळ, निवृत्त हवालदार स्कूटरवरून जाऊन धडकला. तुझा थोरला पोरगा ट्रॉलीवाल्याला शिव्या घालतो. गाव घालतं. मीपण घातल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं घातल्या. त्या परत घ्यायला मी बसलेलो नाही. लाल दिवा नव्हता हे खरंच आहे. पण ट्रॉली न दिसायला आणखी एक कारण होतं. ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळायला पाहिजे होतं.

तुझ्या सुमनला मी विचारलं, "कुठं निघालता त्यो?"

"कुठं म्हणून सांगितलं न्हाय, दाजी. 'आलोच' म्हणाले आन गाडीला किक मारली."

कबनूरच्या घरातून निघालास आणि गाडीचं तोंड कोल्हापूरकडं होतं. कोल्हापुरात तुझं आमच्याशिवाय कोण आहे? आणि आपण तर चार महिने बोलत नव्हतो. तू माझ्याकडं येत होतास का, हे आता मला कोण सांगणार? दिवसातून शंभर वेळा मी ठरवतो, येत होतास. मग शंभर वेळा ठरवतो, नाही, दुसरंच काहीतरी काम असेल. दोन्हीनं जीव जातो.

आपण का बोलत नव्हतो हे लोकांना सांगितलं तर हसतील. एका रेघेवरून. केसापेक्षा बारीक रेघेवरून.

दुर्बिणीत डोळा घातला की समोर जी फुली दिसते, तिला तू रेटिकल म्हणायचास. पलटणीत शिकलेला शब्द. मी जन्मभर तार म्हणत आलो, कारण मी ती माझ्या हातानं ओढलेली आहे. कालव्याच्या आणि रस्त्याच्या मोजणीच्या दुर्बिणी माझ्याकडं दुरुस्तीला यायच्या. आत एक पितळेची कडी, कडीवर खाचा, आणि खाचांत बसवलेला कोळ्याचा धागा. माझं लग्न झाल्यावर तू पहिल्या सुट्टीवर आलास आणि विचारलंस, "दाजी, यवढी बारीक तार कोण वढतंय ओ?" मी म्हटलं, कोळी वढतोय. तुला वाटलं, दाजी मेव्हण्याची थट्टा करायलाय. मग मी तुला करून दाखवलं. कोळी काडीवरून खाली सोडायचा, तो उतरताना जो धागा सोडतो तो वाकड्या तारेवर गुंडाळून घ्यायचा, ओल्या बोटानं ताणून खाचेत बसवायचा, वर तापवलेल्या चपडी लाखेचा थेंब, म्हणजे धागा चिकटून बसतो. श्वास रोखून करायचं काम. तू बघताना तुझाही श्वास रोखलेला होता.

दुसऱ्या दिवशी तू आगपेट्यांतून कोळी घेऊन आलास. "सात धरलेते, दाजी. एक वाटंत उतरला." आक्का ओरडली, "पलटणीतनं रजा दिली ती किडं धरायला व्हय रं?" त्यातल्या एका कोळ्याची तार मी एका मोजणीच्या दुर्बिणीत बसवली होती, ती पुढं तीस वर्षं टिकली. तुला हे मी कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. तुझ्या हातचा कोळी चांगला होता.

आणखी एक गोष्ट मी तुला शिकवली, आणि तीच आता माझ्या गळ्याशी आली आहे. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या बाजूला एक रिंग असते. ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणं ती फिरवायची, म्हणजे तार स्पष्ट दिसते. दुरुस्तीला आलेल्या दुर्बिणीची रिंग कुठं थांबली आहे हे बघून मी माणसाचा डोळा सांगायचो. एका मोठ्या साहेबाला मी सांगितलं होतं, साहेब, चष्मा लागलाय तुम्हाला. तो माझ्यावर खेकसला, आणि महिन्यानं चष्मा लावून पेढे घेऊन आला. तू हे ऐकून खूश झालास. मग आपला खेळच झाला. आलेल्या दुर्बिणीच्या रिंगवर बोट ठेवून तू म्हणायचास, "ह्यो पन्नाशीचा." मी म्हणायचो, "साठीचा, आन हट्टीबी. बघ की, रिंग पार टोकाला न्हेली पर डॉक्टरकडं गेला न्हाय." आपण हसायचो. कुणाला हसत होतो रे आपण!

मग काचेवर कोरलेल्या रेघा आल्या, मोजणीची नवी यंत्रं आली. कोळ्यांचं काम संपलं आणि माझंही. तेव्हा तू पलटणीतून सुटून कबनूरात घर बांधलं होतंस आणि नेमबाजीच्या नादाला लागला होतास. तुझ्या सोबत्यांच्या रायफलीवरच्या दुर्बिणी तू माझ्याकडं दुरुस्तीला आणायचास. "दाजी, हिचं जरा बघा की, कायतरी ढिलं झालंय." खरंच ढिलं असायचं, एखादाच स्क्रू. चौथ्या-पाचव्या वेळेला माझ्या ध्यानात आलं की स्क्रूच्या खाचेवर तुझ्या पेचकसाचा ताजा ओरखडा आहे. तूच ढिला करून आणत होतास. घट्ट करून दिला. दुकान उघडायला मला कारण मिळावं म्हणून तू कबनूरातून बस धरून यायचास, हे मला कळत होतं आणि मी कळू दिलं नाही. एकदा तरी 'बरं केलंस आनंदा' म्हणायला माझं काय जात होतं?

आता ती पुण्याची गोष्ट.

पाचशे मीटरवरच्या स्पर्धेत तुला उतरायचं होतं. म्हाताऱ्या नेमबाजांचा वेगळा गट. तुझी जुनी दुर्बीण त्याला पुरणार नव्हती. सहा महिने तू नवी दुर्बीण कुठली घ्यायची म्हणून डोकं खाल्लंस. दुर्बीण ठरली, तार ठरेना. एकाच दुर्बिणीत तीन तऱ्हेच्या तारा मिळत होत्या. एकीत जाड रेघा आणि मधोमध पेटणारा लाल ठिपका. एकीत खालपर्यंत नुसत्या खुणाच खुणा, वारा मोजून कडेला धरायला. आणि एकीत साधी बारीक फुली, मध्ये बारीक ठिपका, बाकी काही नाही.

तुला पहिली पाहिजे होती. मी म्हटलं, जाड तार म्हणजे पाचशे मीटरवर निम्मं निशाण झाकून टाकणार. ज्याला मारायचं तेच दिसणार नाही. आणि खुणांचा तो पसारा नको, माणूस खुणा वाचत बसतो आणि वारा फिरतो. बारीक ठिपका ठेव, त्याच्या भोवती काळं निशाण सारखं दिसलं पाहिजे, आणि वाऱ्याचं बाजूच्या बटणानं फिरव. हे मी अजूनही म्हणतो. ऐकतोयस ना? चांगला डोळा असलेल्या माणसाला तीच तार बरोबर. ह्यात मी हरलेलो नाही.

शेवटी दोघं पुण्याला गेलो. तिथल्या दुकानदारानं तिन्ही दुर्बिणी स्टँडवर लावल्या आणि समोरच्या इमारतीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीवर रोखल्या. बारीक ठिपक्याच्या दुर्बिणीत आधी तू डोळा घातलास. बराच वेळ घातलास.

"दाजी, काळ्यावर काळा ठिपका. कुठं हुडकू त्येला?"

"सर बाजूला."

मी बघितलं. टाकी दिसली. फुली दिसली, पुसट, कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी. ठिपका दिसला नाही.

आनंदा, वाच हे. दोनदा वाच. मला ठिपका दिसला नव्हता.

माझा हात रिंगकडं गेला. पन्नास वर्षांची सवय, डोळा लावायच्या आधी रिंग फिरवायची. आणि मी हात मागं घेतला. तू बाजूला उभा होतास. रिंग फिरत फिरत कुठवर जाते हे तू बघितलं असतंस, आणि रिंग वाचायला तुला मीच शिकवलं होतं. मेव्हण्यापुढं माझा डोळा उघडा पडला असता. दुकानदार कालचा पोरगा, तोही बघत होता. मी मान वर केली आणि म्हणालो, "लख्ख दिसतंय की. हीच घे."

"मला जरा..." तू म्हणालास.

"डोळा असला की दिसतो, पावणं."

असं म्हणालो मी. हसत म्हणालो. तू परत वाकलास, डोळा लावलास. रिंगला तूही हात लावला नाहीस. तेव्हा मला वाटलं, चला, ह्याला दिसतंय. आता कळतंय, तुझाही हात माझ्यासारखाच मागं राहिला होता. मग तू म्हणालास, "व्हय की. दिसला."

दोघांनाही दिसला नव्हता. दोन म्हातारे एका काळ्या टाकीकडं बघून एकमेकांशी खोटं बोलले आणि दुर्बीण डब्यात घालून कोल्हापूरला आले. गाडीत तू मला भजी खाऊ घातलीस.

पुढचं तुला माहीत आहे. स्पर्धेवरून आलास ते तोंड पाडून. दुकानात तेव्हा पेठेतले तिघे-चौघे चहा पीत बसलेले. मी विचारलं, काय झालं मर्दा? तू म्हणालास, "वाऱ्यानं खाल्लं, दाजी." आणि खरं काय झालं ते मला आधीच कळलं होतं, तुझ्याच एका सोबत्याचा फोन आला होता. तुझ्या तीन गोळ्या शेजारच्या माणसाच्या निशाणावर गेल्या होत्या. ज्या माणसानं पलटणीत छातीला नेमबाजीचा बिल्ला लावला, त्यानं दुसऱ्याच्या निशाणावर मारलं.

मी तिथं गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "वारा गोळी ढकलतो रं. शेजारच्याच्या घरात न्हेऊन घालत न्हाय!"

सगळे हसले. मी जास्त हसलो. तू टोपी उचललीस, "बरं दाजी, येतो," म्हणालास. चहा तसाच राहिला. त्यानंतर तू आला नाहीस आणि मी बोलावलं नाही. आक्का म्हणायची, "एक फोन करा की." मी म्हणायचो, धाकटा त्यो हाय, त्येनं करावा. चार महिने मी हे म्हणत राहिलो. चार महिने! जोंधळा पेरून काढून झाला असता.

दहाव्याला पंचगंगेवर पिंड ठेवला. मी मनात ठरवून गेलो होतो. कावळा शिवला नाही तर पुढं होऊन सगळ्यांदेखत म्हणायचं की आनंदा, माझं चुकलं, तुला बोलायला नको होतं. वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं. सगळे मागं सरकले आणि लगेच कावळा आला. पान ठेवून हात झटकेपर्यंत आला. लोक म्हणाले, माणूस तृप्त होता, काही इच्छा राहिली नव्हती. माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. तेवढी पण सवड दिली नाहीस मला.

तिथून सगळे कबनूरला गेलो. शेजारचे कापडाचे माग चालूच होते, तुझ्या भिंती नेहमीसारख्या थरथरत होत्या. रायफल थोरल्यानं ठाण्यात जमा केली होती. दुर्बीण राहिली होती. सुमननं डबा आणून माझ्या पुढं ठेवला.

"दाजी, ही तुम्हीच न्ह्या. तुम्हीच पसंत केल्याली."

तिला टोमणा मारायचा नव्हता. बिचारी सरळ बोलली. मी डबा घेऊन अंगणात गेलो. माग थांबायची वाट बघत बसलो, कारण तुझ्या घरात माग चालू असताना फुली नाचते. जेवणाच्या सुट्टीला माग थांबले. दुर्बीण बाहेर काढली आणि सवयीनं बोट रिंगवर गेलं.

रिंग पार टोकाला होती. पुढं फिरत नव्हती. तिथंही तू आणखी जोर लावलेला असणार, रबरावर नखाचे व्रण होते.

मी सुमनला हाक मारली. "ह्येच्या डोळ्याला काय झालतं?"

ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. "मोतीबिंदू. दोन्हीबी. डॉक्टर म्हणालता पिकलाय, लगेच करा. ह्येंनी म्हटलं, दाजींना आदी सांगतो, मग करतो. मी म्हटलं आवो, दाजी काय डॉक्टर हायत व्हय? तर म्हणाले, न्हाय, त्येंच्यापुढं खोटं बोललोय मी. ते पयलं मिटवाय पायजे."

खोटं तू बोललास म्हणे! माझ्यापुढं! आणि ते मिटवायला तू सवड शोधत होतास, आणि मी इथं पेठेत बसून धाकट्यानं फोन करावा म्हणून ताठ बसलो होतो. अर्ध्या तासाचं ऑपरेशन आनंदा. माणसं सकाळी जातात आणि दुपारी काळा चष्मा लावून घरी जेवायला येतात.

मी दुर्बीण कट्ट्यावर टेकवली. तुझ्या डोळ्याला काय दिसत होतं, किती धुरकट दिसत होतं, ते बघावं म्हणून रिंगला हात न लावता डोळा घातला. समोर पांढरी भिंत होती.

स्पष्ट दिसलं. फुली धारदार. मधोमध ठिपका, मोहरीच्या कणाएवढा. मी दुर्बीण हळूहळू सरकवत शेजारच्या काळ्या टाकीवर नेली. ठिपका तिथं पुसट झाला, पण होता. पसंत केलेल्या त्या ठिपक्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तुझ्या डोळ्याच्या मापानं.

म्हणजे माझाही डोळा तुझ्याएवढाच गेला आहे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. तीन वर्षं मी पेपर आक्काकडून वाचून घेतो आणि चष्मा सापडत नाही म्हणून सांगतो. चपडीचा थेंब खाचेबाहेर पडतो तेव्हा लाख खराब आली म्हणतो. पुण्यात मी एकदा रिंग फिरवली असती तर तू हसून म्हणाला असतास, "दाजी, ह्यो अठ्ठ्याहत्तरचा, आन हट्टीबी." मी शिवी दिली असती. आणि आपण दोघं एकाच दिवशी जाऊन डोळे दाखवून आलो असतो. एका रिंगचा प्रश्न होता. ट्रॉलीला दिवा नव्हता, पण ट्रॉली उसानं भरलेली, हत्तीएवढी होती रे. नीट डोळ्याच्या माणसाला दिवेलागणीला दिसली असती.

सुमनला मी पुण्याचं सगळं सांगितलं. तिथंच, अंगणात. माग परत सुरू झाले. मग ती म्हणाली, "जेवून जावा." मला घास गेला नाही, पण मी बसलो, कारण उठायची हिंमत नव्हती.

दुर्बीण आता माझ्या दुकानात आहे. इथं आणल्यावर पहिलं काम केलं, चपडी तापवली आणि रिंग टोकाला आहे तिथंच तिच्यावर दोन थेंब टाकले. एक थेंब चुकला, बाहेर पडला. लाख चांगली होती. आता ती रिंग कुणी फिरवू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आक्काला न सांगता डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत बसलो, नंबर आला. नर्सबाईनं डावा डोळा झाकायला सांगितला आणि भिंतीवरच्या पाटीवर पट्टी ठेवली. "आजोबा, ही वळ वाचा." माझ्या तोंडात 'लख्ख दिसतंय' तयारच होतं. ते मी गिळलं.

"दिसत न्हाय, बाई."

"आन ही वरची?"

"तीबी न्हाय."

तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "दोन्ही डोळ्यांत औषध घालणार हाय, धुरकट दिसंल. संगट कोण आलंय?"

मी म्हटलं, "कोण न्हाय. मेव्हणा निघालता."